अकरावा राग

कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल तीन जातींचा असतो. फास्ट मूव्हिंग, स्लो मूव्हिंग आणि नॉन-मूव्हिंग. गृहिणींच्या भाषेत सांगायचं तर साखर, मेथीदाणे आणि लग्नात आहेर म्हणून आलेला लेमन सेट. पहिल्या जातीचा माल संपला म्हणून स्टोअरकीपरला शिव्या बसतात, दुसऱ्या जातीचा वेळेला सापडत नाही म्हणून बसतात आणि तिसऱ्या जातीचा अजून संपला कसा नाही म्हणून बसतात. ह्या तिन्ही प्रकारच्या शिव्या मी पावण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं खाल्ल्या आणि पचवल्या.

पावणे हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरचं गाव. खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांची वस्ती, आणि तिला वेढून बसलेले एमआयडीसीचे कारखाने. आमच्या कंपनीची बस ठाण्याहून पावणेसातला निघायची आणि पावणेआठला पावण्याला पोचायची. त्यामुळे 'पावणे' हे गाव आहे की वेळ, असा नव्या माणसाचा गोंधळ व्हायचा. गावाचं नाव सांगितलं की आमची आत्या तर दरवेळी विचारायची, "कुणाकडचे रे?"

सांगायचा मुद्दा असा, की नॉन-मूव्हिंग माल ओळखण्यात माझा हात धरणारा त्या पट्ट्यात कोणी नव्हता. दोन वर्षं ज्याच्या बिन कार्डावर नोंद नाही तो आयटम मी एका नजरेत हेरायचो, लाल पेन्सिलीने खूण करायचो आणि भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये चढवायचो. ह्या कामगिरीबद्दल मला एकदा भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं. तेही पुढे बंद पडलं, म्हणून त्यालाही मी लाल खूण केली.

अशा ह्या बेचूक कारकिर्दीत माझ्या हातून एकच आयटम चुकीचा भंगारात गेला. तो कारखान्यातला नव्हता, घरातला होता. त्याची ही हकीकत.

१९८३ सालची दिवाळी. माझे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, आमच्याकडे महिनाभर मुक्कामाला यायचे होते. अण्णांचं गाण्याचं वेड शास्त्रोक्त होतं. शास्त्रोक्त म्हणजे शास्त्राला धरून. सकाळी दहानंतर कोणी भैरवाची सुरावट गुणगुणली तर ते खिडकी लावून घेत. बोनस हातात आला होता, घरात सेकंडहँड रेकॉर्ड प्लेअर होता आणि सासऱ्यांसमोर आपली अभिरुची उंच दाखवायची हौस जावयाला असतेच. मी ठाण्यातल्या एका दुकानात गेलो. रेकॉर्डचं कव्हर उलटलं. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती. पुढल्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग! ते सुद्धा एका तबकडीत! माझ्यातला स्टोअरकीपर हरखला. एका नगाच्या भावात दहा नग. वर इंग्रजीत 'टेन रागाज' असं स्वच्छ लिहिलं होतं. त्याच्यापुढे 'टू अ डिस्को बीट' असंही स्वच्छ लिहिलं होतं. पण घासाघीस करण्याच्या नादात मी नावाचा पूर्वार्धच वाचला. पुढे कित्येक वर्षं मी प्रत्येक चलन दोनदा वाचत असे, त्याचं मूळ ह्या प्रसंगात आहे.

नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नानं झालेली. अण्णा शाल पांघरून खुर्चीत. शेजारच्या ब्लॉकमधले पेटीवाले मास्तर खास बोलावलेले. "भैरव ऐकवतो," असं म्हणून मी पिन अलगद टेकवली.

आणि घरात पिठाची गिरणी सुरू झाली.

धप् धप् धप् धप्, एका लयीत. त्याखाली काहीतरी गुरगुरतंय, बुडबुडतंय, बेडकाने तानपुरा गिळावा तसं. आणि त्यावर कुठून तरी भैरव, पण गळ्यातला नव्हे, सतारीतला नव्हे, तर विजेतला. फराळाची बशी घेऊन आलेली सौभाग्यवती दारातच थबकली. तिला वाटलं, शॉर्टसर्किट झालं.

रेकॉर्डचं पहिलं परीक्षण अण्णांनी लिहिलं नाही, म्हटलं. त्यांनी कव्हर मागून घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "पहिला भैरव, दुसरा ललित, तिसरा भूप, चौथा तोडी. सकाळ, पहाट, रात्र, पुन्हा सकाळ. ह्या गृहस्थाकडे घड्याळ नाही का?" मास्तर म्हणाले, "तबलजी न मिळाल्याने शिलाई मशीन घेतलेलं दिसतंय." मग अण्णांनी थोडं ऐकलं. कपाळावर आठी चढली. म्हणाले, "स्वर मात्र कुठे चुकत नाहीयेत. संताप त्याचाच येतोय." आणि ते उठून आत गेले. दहा रागांच्या त्या रेकॉर्डवरचा हा अकरावा राग. तो महिनाभर घरात घुमत होता आणि त्याला प्रहराचं बंधन नव्हतं.

एकच माणूस जागेवरून हलला नव्हता. माझा धाकटा भाऊ. तो तेव्हा बी.कॉम.ला दुसऱ्यांदा बसला होता आणि रात्री एका ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचा. तो प्लेअरपाशी उकिडवा बसून म्हणाला, "दादा, हे काहीतरी भलतंच आहे रे. पुन्हा लाव ना."

मी पिन उचलली. "घरात एकदा दळण झालं तेवढं बस्स," मी म्हणालो.

माझी चूक ती हीच. बाकीची हकीकत म्हणजे त्या चुकीचं व्याज.

आता ज्यांनी ही गिरणी काढली त्या गृहस्थांविषयी. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांकडे वाजवलेला माणूस. गिटार म्हणा, बास म्हणा, ट्रान्सिकॉर्ड नावाचं विजेवरचं अकॉर्डियन म्हणा, जे नवं वाद्य बोटीतून किंवा विमानातून उतरेल त्यावर ह्यांची बोटं आधी पडायची. १९७१च्या 'दम मारो दम'मध्ये ट्रान्सिकॉर्ड घुमतं, तेही त्यांचंच म्हणून सांगतात. पण वादकाचं नाव पडद्यावर येत नाही. ते काम स्टोअरकीपरसारखंच. माल बाहेर पडतो, नाव सेल्सवाल्याचं होतं.

आठवा तो काळ. १९८०च्या 'कुर्बानी'ने डिस्को घरात घुसवला होता आणि १९८२च्या 'डिस्को डान्सर'ने तो सत्यनारायणाच्या मांडवापर्यंत नेला होता. चरणजित सिंगांनी विचार केला, की डिस्कोचा ठेका आहे तर त्यावर राग का वाजवू नयेत? तबला बंद, ठेका डिस्कोचा, सूर रागाचे. हाताशी तीन जपानी यंत्रं होती, तिन्ही रोलँड कंपनीची. टीआर-८०८ हे ठेका धरणारं. ज्युपिटर-८ हा पेटीसारख्या पट्ट्यांचा सिंथेसायझर. आणि सिंगापूरहून आणलेलं टीबी-३०३, चांदीच्या रंगाचं, डब्याएवढं. १९८२ साली त्यांनी एचएमव्हीसाठी दहा राग वाजवले. प्रत्येक राग पाचेक मिनिटांचा. म्हणजे ज्यासाठी खाँसाहेब रात्र घेतात ते सगळं एका स्वयंपाकाच्या वेळात.

त्यातलं टीबी-३०३ हे माझ्या खास जिव्हाळ्याचं यंत्र, कारण ते जन्मतःच नॉन-मूव्हिंग होतं. एकट्या गिटारवाल्याला साथीला बास वाजवणारा मिळाला नाही तर त्याची जागा ह्याने भरून काढावी, अशी कल्पना. १९८१ साली ते बाजारात आलं. पण त्यात सूर भरणं म्हणजे इन्कम टॅक्सचा फॉर्म भरण्यासारखं, आणि एवढं करून आवाज बास गिटारचा येईचना. सुमारे दहा हजार नग काढून १९८४ साली कंपनीने उत्पादन बंद केलं. उरलेले नग जुन्या बाजारात पडत्या भावात गेले. जपानमधल्या कोणा समव्यवसायी बंधूने त्यांवर लाल पेन्सिलीने खूण केलीच असेल.

पण त्या यंत्रात एक सोय होती. सोळा घरांत सोळा सूर भरायचे. ते पुन्हा पुन्हा फिरत राहतात. आणि प्रत्येक घरात सांगता येतं, की ह्या सुरावर जोर दे, किंवा ह्या सुरावरून पुढच्यावर न तुटता घसरत जा. हे वाचून पेटीवाले मास्तर आज असते तर जागेवरून उठले असते. न तुटता घसरणं म्हणजे मींडच की! पुन्हा पुन्हा फिरणारे सूर म्हणजे मागे अखंड लावलेला तानपुरा. जपानी इंजिनिअरला जे कळलं नव्हतं ते मुंबईच्या वादकाला कळलं, कारण त्याने यंत्राकडे बास म्हणून बघितलंच नाही.

रेकॉर्ड निघाली आणि पडली. शास्त्रीयवाल्यांना ती डिस्को वाटली, डिस्कोवाल्यांना ती शास्त्रीय वाटली. म्हणजे आमच्या घरात झालं तेच देशभर झालं. फरक इतकाच, की देशाने फराळ करून मग नापसंती व्यक्त केली नाही.

गंमत अशी, की त्याच सुमारास इंग्लंडातल्या मँचेस्टरमध्येही काही पोरं यंत्रांशी झटत होती. त्यांचा आधीचा बँड जॉय डिव्हिजन. पंकची आरडाओरड ओसरल्यावर जी अंतर्मुख, उदास गाणी तिकडे निघाली, त्यांतला अग्रगण्य. १९८० साली त्यांच्या गायकाने आत्महत्या केली. उरलेल्यांनी न्यू ऑर्डर नावाने पुन्हा मांडामांड केली आणि मार्च १९८३मध्ये 'ब्लू मंडे' नावाची बारा इंची सिंगल काढली. एकच गाणं, साडेसात मिनिटांच्या आसपास, ठेका यंत्राचा. कव्हर कॉम्प्युटरच्या फ्लॉपीसारखं, भोकं कापलेलं. ते कव्हर इतकं महाग पडलं, की सुरुवातीला प्रत्येक प्रतीमागे कंपनीला तोटाच होत होता म्हणतात. आणि गाणं खपतच गेलं! बारा इंची सिंगल्समध्ये सर्वांत जास्त खपलेली ती ही. जो माल विकल्याने नुकसान वाढतं अशा मालाची जात आमच्या पावण्याच्या रजिस्टरात नव्हती. आणि कंपनीचं नाव काय? फॅक्टरी रेकॉर्ड्स! तिथे कॉस्टिंगला आमच्यातला एखादा क्लार्क असता तर गाणं निघालंच नसतं.

तर मँचेस्टरच्या पोरांना समीक्षक मिळाले, गिऱ्हाईक मिळालं, क्लब मिळाले. मुंबईच्या सरदारजींना अण्णा, मास्तर आणि मी मिळालो.

इकडे माझ्या घरी काय झालं? धाकटा बी.कॉम. झाला नाही. मी साहेबांपाशी शब्द टाकून त्याला आमच्याच कारखान्यात चिकटवला. ऑर्केस्ट्राच्या रात्री आणि पावणेसातची बस ह्यांचं जमेना. म्हणून अकॉर्डियन आधी कपाटावर गेलं, मग माळ्यावर. तो कधी काही बोलला नाही. फक्त पंचिंग प्रेसच्या खात्यातून जाताना मला दिसायचं, की त्याचा पाय प्रेसच्या ठोक्यावर हलतोय आणि ओठांवर शीळ आहे. मी म्हणायचो, "काम बघ." माझ्या दृष्टीने ते त्याच्या भल्याचंच होतं. आपण दुसऱ्याचं जे जे भलं करतो त्याची बिन कार्डं कोणी ठेवत नाही हे एक बरं आहे.

१९८७ साली घराला रंग काढला. पसारा आवरताना ती रेकॉर्ड हाती आली. चार वर्षं हालचाल शून्य. मी लाल पेन्सिल काढली. कारखान्याचा भंगारवाला मुलूखाचा दिलदार. त्याने पावण्याच्या फाटकाशी ती रेकॉर्ड, एक मोडकी छत्री आणि ते बक्षिसाचं घड्याळ अशी मोट ट्रकवर फेकली. आठवड्याने धाकट्याने विचारलं, "दादा, ती डिस्कोवाली रेकॉर्ड कुठाय?" मी अभिमानाने म्हणालो, "राइट-ऑफ केली." तो "बरं" म्हणाला. एवढंच.

आणि नेमक्या त्याच १९८७ साली, तिकडे अमेरिकेत शिकागोला, फ्यूचर नावाच्या तिघांच्या चमूने 'ॲसिड ट्रॅक्स' नावाची रेकॉर्ड काढली. त्यांनी जुन्या बाजारातून तेच टाकाऊ टीबी-३०३ उचललं होतं. ते नीट वाजवता येईना म्हणून त्याचे कान पिळत बसले, आणि तेच बुडबुडं, गुरगुरतं संगीत निघालं. त्याला 'ॲसिड हाउस' असं नाव पडलं आणि जगभर तरुणाई त्यावर रात्ररात्र नाचली. ह्याची एक आख्यायिका सांगतात. रॉन हार्डी नावाच्या डीजेने ते पहिल्यांदा क्लबात लावलं तेव्हा नाचणारी मंडळी बाजूला झाली. त्याने त्याच रात्री पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा लावलं तेव्हा सगळं दालन वेडं झालं.

चौथ्यांदा! हे ऐकल्यावर मला दिवाळीची पहाट आठवली. समीक्षा म्हणजे फार विद्वत्तेचं काम असावं अशी माझी समजूत होती. पुष्कळदा ते नुसतं पिन पुन्हा टेकवण्याचं काम असतं. ते करायला आमच्या घरात एक माणूस तयार होता. प्लेअर माझा होता.

पुढची गोष्ट झटपट सांगतो. २००२ साली एदो बाऊमन नावाच्या एका डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात ही रेकॉर्ड सापडली. घरी जाऊन लावली आणि तो चक्रावला. शिकागोच्या पाच वर्षं आधीचं ॲसिड हाउस, तेही भैरवात! त्याने मुंबईत येऊन चरणजित सिंगांना गाठलं आणि २०१०मध्ये स्वतःच्या बॉम्बे कनेक्शन ह्या कंपनीतर्फे रेकॉर्ड पुन्हा काढली. आता परीक्षणं आली, लंडनच्या वर्तमानपत्रांतून लेख आले. काहींचा तर विश्वासच बसेना. ही बनवाबनवी आहे, एफेक्स ट्विन नावाच्या ब्रिटिश संगीतकारानेच खोडसाळपणे हे रचलं असेल, अशी आवई उठली. पाहा, माणसाने दहा राग वाजवले तर कोणी विचारलं नाही; अठ्ठावीस वर्षांनी विचारलं तर तो माणूस आहे की नाही इथपासून सुरुवात!

स्वतः चरणजित सिंगांनी कुठला शोध लावल्याचा आव कधी आणला नाही. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपात मंचावर उभे राहिले, नातवंडांच्या वयाच्या पोरांपुढे तेच राग त्यांनी वाजवले, आणि जुलै २०१५मध्ये मुंबईत ते गेले. पाच वर्षं का होईना, टाळ्या कानांनी ऐकून गेले. शिकागोवाल्यांनी ही तबकडी ऐकली होती असं दिसत नाही, म्हणजे 'जनक' वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. वंश पुढे चालला नाही. पण ज्या गल्लीत पुढे अख्खी वसाहत झाली, तिथे हा माणूस आधी एकटाच राहून गेला होता.

मूळ तबकडीला पुढे काय भाव आला तो मी विचारला नाही. माझी प्रकृती नाजूक आहे.

हे सगळं मला कळलं ते पुतणीकडून. गेल्या दिवाळीत आम्ही दोघे निवृत्त भाऊ गॅलरीत चिवडा खात बसलो होतो. अण्णा नाहीत, मास्तर नाहीत. पुतणी मोबाइलवर काहीतरी लावून आली, "बाबा, हे ऐका, तुमच्या वेळचं आहे." धप् धप् धप् धप्. खालून बेडकाने तानपुरा गिळला. दोन आवर्तनं झाली नसतील तो धाकटा म्हणाला, "भैरव. दादा, आपली गिरणी!"

चाळीस वर्षं. एकदाच, तेही अर्धवट ऐकलेलं. त्याच्या स्टोअरमध्ये ते जागच्या जागी होतं.

मला काहीतरी बोलायचं होतं. अकॉर्डियनबद्दल, पावणेसातच्या बसबद्दल. पण आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नाही. मी म्हणालो, "चिवड्यात मीठ जरा जास्त आहे." तो म्हणाला, "जरा." मग मी पुतणीला सांगितलं, "पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा ऐकताना ती मींड कळली. तिसऱ्यांदा कळलं, की ते यंत्र गुरगुरत नाही, एकाच सुराभोवती घुटमळतंय, देवळात घुटमळावं तसं. वेळ रात्रीची नऊची होती आणि चालला होता भैरव. अण्णांची मनातल्या मनात क्षमा मागून म्हटलं, "अजून एकदा."

चौथ्यांदा ठेका सुरू झाला. धाकटा माझ्याकडे बघत नव्हता. खाली, माझ्या चपलेकडे बघत होता. मग चिवड्याची वाटी बाजूला ठेवून शांतपणे म्हणाला,

"दादा, आयटम हलला."